विझलेल्या बॉयलरपाशी कोण असतं?

परवा पेपरात एका साखर कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचा फोटो पाहिला. नेहमीचाच. एक संचालक सपत्नीक पूजेला बसलेले, मागे फेटे बांधलेले मान्यवर. कारखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य घालवल्यामुळे असा फोटो पाहिला की मला एकच प्रश्न पडतो. हाच बॉयलर उन्हाळ्यात विझवला, तेव्हा तिथे कोण होतं?

बॉयलर चालून चालून झिजतो असं लोकांना वाटतं. माझं मत उलटं आहे. आपल्याकडचे बॉयलर चालण्यापेक्षा बसूनच जास्त खराब होतात. चालू असताना पाण्यातला ऑक्सिजन काढलेला असतो, आणि ट्यूबच्या आत लोखंडावर काळ्या ऑक्साइडचा पातळ थर जमून तो धातूला सांभाळतो. आग विझली की आतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, पोकळी तयार होते आणि मिळेल त्या फटीतून हवा आत ओढली जाते. तळाला उरलेलं पाणी, ही हवा, वर आपला पावसाळा! गंज सगळीकडे सारखा चढला असता तरी परवडलं असतं. पण तो एका जागी टोकरत बसतो. चारेक मिलिमीटर जाडीची ट्यूब बाकी ठणठणीत, आणि एकाच ठिकाणी सुईने टोचल्यासारखा खड्डा.

आमच्याकडे एका वर्षी हंगाम लांबला. सगळ्यांना रजेची घाई. बॉयलर पूर्ण थंड झाल्यावर पाणी सोडलं आणि "दुरुस्ती करायचीच आहे" म्हणून मॅनहोल उघडंच ठेवलं. चार महिने. पुढे बघितलं तर ड्रम आतून गेरू फासल्यासारखा. हायड्रोलिक टेस्ट मात्र पास झाली, त्यामुळे सगळे निर्धास्त. डिसेंबरात रात्री ट्यूब फुटली. गाळप बंद, यार्डात बैलगाड्या आणि ट्रक उभे. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, आणि ते नुकसान शेतकऱ्याचं. एका गाडीवानाने विचारलं, "काय झालं साहेब?" मी म्हणालो, "ट्यूब गेली." ती पावसाळ्यातच गेली होती, हे काही मी त्याला सांगितलं नाही. लॅबमधून दोन ओळींची नोट पाठवणं माझंही काम होतं.

उपाय काही मोठा नाही. थोडेच दिवस थांबायचं असेल तर बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचा, सोडियम सल्फाइट घालायचं, पीएच चढा ठेवायचा आणि दर आठवड्याला नमुना तपासायचा. पण पाच-सहा महिन्यांसाठी मी कोरड्या पद्धतीच्या बाजूचा. दाब उतरल्यावर, धातू गरम असतानाच पाणी सोडायचं, म्हणजे त्याच उष्णतेने आतून बराचसा वाळतो. बाहेरून ट्यूबवरची बगॅसची राख झाडून काढायची, ती ओलावा धरून ठेवते. दुरुस्ती पहिल्या महिन्यात उरकायची (इथेच घोडं अडतं!), गरम हवेने पुन्हा वाळवायचं, ड्रममध्ये कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवायचे आणि झाकण घट्ट लावायचं. चुना ओलावा शोषून फुगतो, म्हणून ट्रे पाऊणच भरायचे. महिन्यातून एकदा उघडून बघायचं, पीठ झालं असेल तर बदलायचा.

रस निवळायला कारखान्यात चुना येतोच. तरी बॉयलरसाठी मागितला की स्टोअरवाला असं बघतो, जणू मी पानात खायला मागतोय. स्वस्त गोष्टीची किंमत नसते म्हणतात ते असं. शेवटी चुना लागतो तो कारखान्यालाच.

असो. कोणी हे करणार असेल तर एक सांगतो. किती ट्रे आत ठेवले ते मॅनहोलच्या झाकणावर ऑइलपेंटने लिहून ठेवा, आणि पाणी भरण्याआधी तेवढेच मोजून बाहेर काढा. आमचा एक आतच राहिला होता. तो किस्सा पुन्हा कधीतरी.