उशिराची नोंद

वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी दर शनिवारी घरी जाई व सोमवारी उशिरा परते. त्यास आम्ही आळशी ठरविले होते. गेल्या हिवाळ्यात त्याच्या वडिलांच्या फटफटीवर मागे बसून, कारंजा तालुक्यातील गरमसूर डोंगराकडील त्यांच्या गावी जाण्याचा योग आला.

डांबरी सडक संपली आणि गोटे लागले. “गुरुजी, घट्ट धरजा!” असे ते म्हणत तोच चाक घसरे. मग आम्ही उतरावे, मागून रेटावे, पुनः बसावे. वाटेत गवळाऊ गाईंचा कळप आडवा आला; तेवढीच काय ती विश्रांती! हौसेने एकदा जाणाऱ्यास ही गंमत वाटेल; परंतु गावचे दूध आणि आजारी माणसेही ह्याच वाटेने फटफटीवरून खाली नेतात, असे आमच्या यजमानांनी सहज सांगितले.

ज्या शिक्षकाने विद्यार्थ्याची वाट डोळ्यांनी पाहिली नाही, त्याने हजेरीपटावर लाल शाई चालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सोमवारची चाचणी तिसऱ्या तासास घेण्यात काय बिघडते? उशिराबद्दल त्या मुलाचे दोन गुण आम्ही कापले होते. ते अद्याप परत द्यावयाचे आहेत.