किती देते? की किती घेते?

सध्या आमच्या गोतावळ्यात एका गाडीचं वारं शिरलंय. मारुतीची जिम्नी. बुटकी, चौकोनी, मुलांच्या खेळण्यातली वाटावी अशी, पण चारही चाकांनी ओढणारी. २०२३ च्या जूनमध्ये ती बाजारात आली, तेव्हापासून नात्यातल्या तीन घरांत तिचा विषय निघाला आणि एका घरात तर ती दारात येऊन उभीही राहिली. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच. किती देते?

हा प्रश्न आपण म्हैस घेतानाही विचारतो. पण म्हशीच्या बाबतीत आपण शहाणे असतो, ती खाते किती हेही विचारून घेतो. गाडीच्या बाबतीत मात्र शोरूममधला टाय लावलेला मुलगा जो आकडा सांगेल तो प्रमाण. इथे तो आकडा आहे १६.९४. लिटरला १६ किलोमीटर आणि वर दशांश चिन्हानंतर दोन घरं! मंडळी, दशांश चिन्ह दिसलं की माणसाचा विश्वास बसतो, हे मी वर्गात चाळीस वर्षं पाहिलंय.

हे असले आकडे परीक्षेतून येतात. आमच्या पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय नावाची संस्था आहे, १९६६ सालची, अशा परीक्षा घेणाऱ्यांतली प्रमुख. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रुळांवर उभी करून चाकं फिरवतात. एकूण वीस मिनिटांच्या आत आटोपतं, जास्तीत जास्त वेग ताशी ९०, ए.सी. बंद. त्यात लबाडी काही नाही, सगळ्या गाड्यांना तोच पेपर. पण पेपर सोपा आहे हो! त्यात सिंहगड रस्त्यावरची संध्याकाळ नाही, कात्रजचा चढ नाही, मागच्या सीटवर सासूबाई आणि डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत.

आता हीच विद्यार्थिनी दुसऱ्या बोर्डाच्या परीक्षेला बसली तेव्हा काय झालं पाहा. युरोपात २०१८ साली तीन दारांची जिम्नी आली. इंजिन तेच, १४६२ सीसीचं, आणि अंगाने आपल्या पाच दारांच्या जिम्नीपेक्षा हलकी. तिथल्या नव्या चाचणीत वेग १३१ पर्यंत जातो. तिथे हातगिअरच्या गाडीचा निकाल लागला शंभर किलोमीटरला ७.९ लिटर, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेबारा-पावणेतेरा. धूर मर्यादेबाहेर जातोय म्हणून २०२० मध्ये कंपनीने तिथल्या बहुतेक बाजारांतून ती प्रवासी गाडी म्हणून काढूनच घेतली आणि पुढे मागची सीट काढून मालवाहू म्हणून परत आणली. आपल्याकडे मात्र १६.९४ चं प्रगतिपुस्तक घरोघर फिरतंय.

युरोपातल्या मोजण्याच्या पद्धतीतही शहाणपण आहे. ते लोक लिटरला किती किलोमीटर हे विचारतच नाहीत, शंभर किलोमीटरला किती लिटर हे विचारतात. म्हणजे किती देते नाही, किती घेते. माझा विषय मराठी आणि इतिहास, पण गणिताचे सर रजेवर गेले की त्रैराशिक मीच शिकवायचो, म्हणून सांगतो. एक गाडी लिटरला दहाऐवजी बारा देऊ लागली आणि दुसरी वीसऐवजी पंचवीस, तर बचत कुणाची जास्त? सगळे म्हणतात दुसरीची, पाच वाढले ना! शंभर किलोमीटरला पहिलीचे सुमारे पावणेदोन लिटर वाचतात, दुसरीचा फक्त एक. खादाड गाडीच्या बाबतीत लिटरमागे दोन किलोमीटर इकडेतिकडे झाले तरी खिशाला मोठं भोक पडतं, आणि "दोनाचाच तर फरक" म्हणून आपण तेच सोडून देतो.

बरं, ती जास्त का खाते? जिम्नीचं वजन सुमारे १२०० किलो, स्विफ्टचं साडेनऊशेच्या आत. खाली ट्रकसारखी शिडीची चौकट, पुढे-मागे जाडजूड आस, मधे ताकद वाटून देणारी पेटी, अंग कपाटासारखं चौकोनी, आणि हातगिअरला पाचच गिअर. हे सगळं डोंगरासाठी उत्तम आहे. पण डोंगर नसतानाही ते ओझं रोज वाहावं लागतं. भाजी आणायला जाताना फक्त मागची दोन चाकं ओढत असतात, पुढचं सामान नुसतं प्रवासाला! शिवाय तेल बदलायच्या जागा मोजा: इंजिन, गिअरपेटी, ती वाटपाची पेटी, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल. पाच.

आणि यातली खरी गंमत विकणारे फारशी सांगत नाहीत. कोरड्या डांबरावर ते फोर व्हील ड्राइव्ह लावायचंच नसतं. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि त्यांचा मेळ घालणारं डिफरन्शियल या पद्धतीत मधे नसतं. सगळा ताण दात्यांवर येतो. चिखल, वाळू, बर्फ, निसरडा चढ यांसाठी ते आहे. म्हणजे कोथरूड ते हिंजवडी जाणाऱ्याने ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले, ती वापरली तर गाडी बिघडते.

"पण काका, रस्ते किती खराब आहेत!" असं म्हणतात. खड्ड्यांना उंच गाडी लागते, चार चाकांची ओढ नाही. १९४८ पासून एसटी या महाराष्ट्राचे घाट मागच्या चाकांवर चढते आहे. वडापच्या जीपगाड्यांतही बहुतेक मागचीच चाकं ओढतात, आणि त्यात माणसं किती कोंबलेली असतात ते विचारू नका.

आता पैसे. हिशेबाला सोपं म्हणून पेट्रोल १०५ रुपये आणि वर्षाला दहा हजार किलोमीटर धरू. जिम्नी साडेबारा देते म्हणा, तर ८०० लिटर, ८४ हजार रुपये, महिना सात हजार. स्विफ्ट कागदावर २४.८० आहे, रस्त्यावर १८ धरू, तर वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. फरक महिना दोन हजारांवर. यावर आमच्याकडे तासन्‌तास चर्चा होते. पण १२ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता बसतो जवळजवळ २५ हजार, आणि एकूण व्याज तीन लाखांच्या घरात. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रस्ताकर १२ टक्के, म्हणजे दीड लाखाच्या आसपास एकरकमी. विमा निराळा. पेट्रोलच्या साडेतीनपट पैसे हप्त्यात जातात आणि आम्ही टायरमधली हवा आणि ई-२० पेट्रोल यांवर भांडतो! (इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते, तेव्हा वीस टक्के मिसळल्यावर थोडी घट येणारच. पण ती सगळ्याच गाड्यांना.) ज्या घरात ती गाडी आली, तिथे मुलीच्या शिक्षणाची आवर्ती ठेव बंद झाली. हे मला गाडीच्या पेढ्यांबरोबरच कळलं.

या गाडीवर माझा राग नाही. नोकरीची पहिली सहा वर्षं मी अशा गावी काढली, जिथे पावसाळ्यात एसटी अलीकडच्या गावालाच थांबायची आणि पुढे काळ्या मातीची पाणंद. अडलेली बाई खाटेवर घालून नेताना मी पाहिली आहे. अशा ठिकाणच्या डॉक्टरला, दुर्गम वाडीवरच्या बागायतदाराला ही गाडी शंभर किलोमीटरला आठ लिटर प्यायली तरी महाग नाही. पण सरकारने काय केलं? २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला. जिम्नी लांबीला चार मीटरच्या आत, पण इंजिन १२०० सीसीच्या वर, म्हणून तिला ४० टक्के. आधीच्या ४५ पेक्षा कमी, हे खरं. तरी ज्याला चिखलातून जायचंय त्याच्यावर कर मोठ्या आलिशान मोटारीइतकाच. आणि शहरातला हौशी तो कर हसत भरतो, कारण त्याला फोटो काढायचा असतो.

ज्यांनी घेतलीच आहे त्यांनी एक वही ठेवावी. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत चालवा, भरलेल्या लिटरना किलोमीटरने भागून शंभराने गुणा. पाच वेळा करा, ए.सी. चालू ठेवून. आणि शेजारच्या रकान्यात त्या महिन्यात तो छोटा दांडा किती वेळा ओढला तेही लिहा. मला दोन्ही आकडे कळवा.