स्पॅनिशची बिगिनर लेव्हल फुकट झाली, पुढच्या लेव्हलचं काय?

एप्रिल २०२५मध्ये डुओलिंगोने एका झटक्यात १४८ नवे कोर्स सुरू केले. कंपनीचं म्हणणं असं की पहिले १०० कोर्स बनवायला सुमारे १२ वर्षं लागली होती, आणि हे दीडशेच्या आसपास कोर्स साधारण एका वर्षात झाले. कारण अर्थातच एआय. सगळीकडे चर्चा झाली ती १४८ या आकड्याची. माझं लक्ष मात्र त्याच घोषणेतल्या दुसऱ्या एका गोष्टीवर गेलं: हे नवे कोर्स मुख्यतः ए१ आणि ए२ पातळीचे, म्हणजे नवशिक्यांसाठी आहेत.

आता हिच्या शेजारी एक जुनी बातमी ठेवू. ऑगस्ट २०२३मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने आपला परदेशी भाषांचा अख्खा विभाग बंद करायचा प्रस्ताव मांडला. विद्यापीठाच्या बजेटमध्ये सुमारे साडेचार कोटी डॉलर्सची तूट होती. भाषा शिकवायला पर्याय काय? त्यात एखाद्या ऑनलाइन लँग्वेज ॲपशी भागीदारी, हाही एक विचार होता. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सप्टेंबरमध्ये अंतिम निर्णय झाला तेव्हा स्पॅनिश आणि चायनीजचे थोडे वर्ग ऐच्छिक म्हणून वाचले, पण स्पॅनिश मुख्य विषय घेऊन पदवी करायची सोय गेली. एकूण २८ मेजर आणि १४३ प्राध्यापकांच्या जागा कमी झाल्या.

दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या की चित्र स्पष्ट दिसतं. भाषेची पहिली पायरी जवळपास फुकट झाली आहे. दुसरी, तिसरी पायरी मात्र महाग आहे, आणि कात्री तिथेच लागते आहे.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतली मॉडर्न लँग्वेज असोसिएशन कॉलेजांमधल्या भाषांच्या प्रवेशांची मोजणी करते. २०१६ ते २०२१ या काळात इंग्रजी सोडून इतर भाषांचे प्रवेश १६.६ टक्क्यांनी घटले. स्पॅनिश अजूनही पहिल्या नंबरवर आहे, सुमारे ५ लाख ८४ हजार प्रवेश. पण तिचीही घट जवळपास १८ टक्के.

हे सगळे विद्यार्थी स्पॅनिश 'शिकलेले' म्हणून बाहेर पडतात का? थोडं गणित करू. आठवड्याला ३ तास, १५ आठवडे, म्हणजे एका सेमिस्टरला ४५ तास. चार सेमिस्टर केली तरी १८० तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. स्पॅनिशमध्ये नीट कामकाज करता येण्यासाठी त्यांचा हिशोब वर्गातल्या ६०० ते ७५० तासांचा आहे. आणि आपण रोज १५ मिनिटं ॲपवर घालवली, एकही दिवस न चुकवता, तर वर्षाचे होतात ९१ तास. स्ट्रीक ३६५ दिवसांची दिसते, पण रस्ता अजून बराच बाकी असतो.

ॲप इथे अडखळतं का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मी हा प्रश्न सिस्टीमच्या बाजूने बघतो. मला दोन कारणं दिसतात.

पहिलं, शब्दांची वारंवारिता. कुठल्याही भाषेत सगळ्यात जास्त वापरले जाणारे एक-दोन हजार शब्द रोजच्या बोलण्याचा मोठा भाग व्यापतात. ते आले की वाटतं, जमलं! त्यानंतरचा प्रत्येक शब्द क्वचितच भेटतो. मेहनत तेवढीच, पण प्रगती दिसत नाही. शिकणारे बहुतेक इथेच गळतात.

दुसरं कारण तपासणीचं. 'माझ्याकडे कुत्रा आहे' याचं स्पॅनिश बरोबर की चूक, हे मशीन सेकंदात सांगतं. पुढच्या लेव्हलला मात्र तीन-चार उत्तरं बरोबर असतात आणि प्रश्न असतो, कोणतं उत्तर कुणासमोर? बॉसकडे 'मला रजा पाहिजे' म्हणणं आणि 'मला जरा रजा हवी होती' म्हणणं यात फरक आहे ना? स्पॅनिशमध्येही तसंच आहे. 'किएरो' म्हणजे पाहिजे, आणि 'केरिआ' म्हणजे हवं होतं. भूतकाळ वापरून नम्र व्हायचं, अगदी आपल्यासारखं. हे एका बहुपर्यायी प्रश्नात बसत नाही. त्यासाठी कुणीतरी तुमचा पानभर निबंध वाचावा लागतो, तुम्हाला बोलताना मध्येच थांबवावं लागतं. एका शिक्षकामागे पंधरा-वीसच विद्यार्थी चालतात. विद्यापीठाच्या हिशोबनीसाला हाच वर्ग आधी खुपतो.

अर्धवट भाषा किती महाग पडते?

१९८० सालची फ्लोरिडातली गोष्ट आहे. १८ वर्षांचा एक तरुण बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलमध्ये आणला गेला. घरचे म्हणाले, तो 'इन्तोक्सिकादो' आहे. क्यूबन बोलण्यात याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यातून बाधलंय. तिथे तो इंग्रजी 'इन्टॉक्सिकेटेड'सारखा ऐकला गेला आणि डॉक्टरांनी ड्रग्जचा ओव्हरडोस समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो तरुण कायमचा हातापायांनी लुळा झाला. नंतरच्या खटल्यातली तडजोड सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर्सपर्यंत जाणारी होती.

एक शब्द. तोही सोपा, ओळखीचा वाटणारा. बिगिनरला तो 'आला' असंच वाटलं असतं. असा शब्द ऐकल्यावर थबकून 'म्हणजे नेमकं काय?' असं विचारणारा माणूस पुढच्या लेव्हलच्या वर्गात तयार होतो.

पण आता लाइव्ह ट्रान्सलेशन आहे की!

आहे, आणि चांगलं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये गूगल ट्रान्सलेटने लाइव्ह संभाषणाची सोय आणली, तीही अमेरिका आणि मेक्सिकोबरोबर भारतात. सप्टेंबरमध्ये ॲपलने एअरपॉड्समध्ये लाइव्ह ट्रान्सलेशन दिलं, आणि पहिल्याच यादीत स्पॅनिश होती. टॅक्सी, हॉटेल, मेन्यूकार्ड यासाठी मी स्वतः हेच वापरीन.

पण मशीनचं भाषांतर बरोबर आहे का, हे सांगणार कोण? आमच्या क्षेत्रात मॉडेल तपासायला माणूस लागतो, आणि तो मॉडेलपेक्षा जास्त जाणणारा असावा लागतो. फक्त ए२पर्यंत आलेला माणूस मशीनची चूक पकडू शकत नाही, तो तिच्यावर विश्वास ठेवतो. वरचे वर्ग बंद झाले तर तपासणारे कमी होतील, आणि पुढे शिकवणारेही.

आपल्यासाठी एक छुपा फायदा

बहुतेक ॲप्स आपल्याला इंग्रजीतून स्पॅनिश शिकवतात. हा उगाच लांबचा वळसा आहे. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं, दोन्हीकडे! इंग्रजीतून येणारा इथे हमखास गोंधळतो. 'साबिआ' म्हणजे माहीत होतं, 'सुपे' म्हणजे कळलं. इंग्रजीवाले ज्याला घाबरतात तो सब्जंक्टिव्हसुद्धा आपल्याला परका नाही: 'किएरो के वेंगास', तू यावंस असं मला वाटतं. ते 'यावंस' आपण लहानपणापासून बोलतोय. तेव्हा नोट्स मराठीत काढा.

मग करायचं काय?

ॲप सोडू नका, पण ते ए२पर्यंतचं वाहन समजा. पुढे या चार गोष्टी करून बघा:

१. कॉलेजमध्ये परदेशी भाषा ऐच्छिक म्हणून घेताना आधी विचारा, 'तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला वर्ग असतो का?' नसेल तर मित्रांना जमवून मागणी करा. वर्ग टिकतो तो संख्येवर.

२. परीक्षेची तारीख ठरवा. स्पेनची 'देले' परीक्षा ए१ ते सी२ अशी सहा पातळ्यांवर असते, त्यात लिहिणं आणि बोलणं दोन्ही तपासतात. ती घेणाऱ्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसचं केंद्र दिल्लीत आहे. पदवीच करायची असेल तर जेएनयूमध्ये स्पॅनिश आहे.

३. चॅटबॉटला लिहून द्यायला सांगू नका. आधी स्वतः १५० शब्द लिहा, मग सांगा, 'फक्त चुका दाखव, दुरुस्त करू नकोस.' दुरुस्ती तुम्ही करा.

४. आठवड्यातून एकदा तरी खऱ्या माणसाशी बोला. आमच्या टीममधले दोघे मेक्सिकोचे आहेत. मीटिंग इंग्रजीत होते, कॅप्शन्स सगळ्यांना दिसतात. पण मीटिंग संपल्यावर ते दोघं कशावर हसतात, ते कॅप्शनमध्ये येत नाही. ते कळायला लागलं की समजा, तुमची पुढची लेव्हल सुरू झाली.