आधी तपासलेली वही मागा
बारावीनंतर ‘लेखनच शिकायचंय’ म्हणत मुलं माझ्याकडे येतात. मी मराठीची शिक्षिका. त्यांना सांगते, अभ्यासक्रमाचं नाव बाजूला ठेवा, तिथल्या विद्यार्थ्याची तपासलेली वही मागा. समासात शिक्षकाच्या खुणा आहेत? एकच लेख तिसऱ्यांदा लिहून घेतलाय? फी भरायची ती यासाठी. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेचा कणा हाच: विद्यार्थ्याचा मजकूर सगळ्यांनी वाचायचा, त्यावर बोलायचं. आपल्याकडे, लीळाचरित्र जिथे लिहिलं गेलं त्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. तिथे अशी कार्यशाळा हवीच. आणि पालकांनो, नोकरीचा प्रश्न रास्त आहे. संपादन, अनुवाद, पटकथा प्रत्यक्ष करून घेतात का, तेही प्रवेशाआधी विचारा.