ठळक किती करायचे?

दिवाळी अंकांची पाने लागू लागली की छापखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "हे जरा उठून दिसू द्या." मग शीर्षक ठळक, उपशीर्षक ठळक, लेखकाचे नाव लाल, चौकटीला पिवळा टिंट आणि मजकुरातली चार वाक्ये बोल्ड. पान भरगच्च दिसते, लक्षात मात्र काही राहत नाही.

याचे कारण बर्लिनमध्ये हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे. एकसारख्या निरर्थक अक्षरगटांच्या यादीत एकच आकडा असला, तर तो अधिक लक्षात राहतो. तोच आकडा सरमिसळ यादीत टाकला की त्याचे हे वेगळेपण संपते. ठळकपणा शेजाऱ्यांवर ठरतो. म्हणून पानावर उठून काय दिसायचे, हा निर्णय संपादकाचा. तो न घेता सगळे मांडणीकाराच्या गळ्यात मारायचे, ही आपल्या धंद्यातली जुनी खोड.

दुसरे टोक फिकट करड्या मजकुराचे. ग्राहकाला तो 'क्लासी' वाटतो. स्क्रीनसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार साध्या मजकुराचे पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्टचे प्रमाण किमान ४.५ : १ हवे. पांढऱ्यावर काळा २१ भरतो. आरजीबी ११९-११९-११९ हा करडा ४.४८, म्हणजे काठावर नापास. वाचायला कष्ट पडले की मजकूर पक्का ठसतो, असाही एक दावा आहे. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने २०१८ साली त्यासाठी तुटक अक्षरांचा 'सान्स फॉरगेटिका' हा फॉन्ट काढला. पुढे इतरांनी घेतलेल्या चाचण्यांत स्मरणाचा फायदा काही दिसला नाही. उलट, रेबर आणि श्वार्ट्‌झ यांच्या १९९९ च्या प्रयोगात स्पष्ट दिसणाऱ्या रंगातली विधाने लोकांना अधिक खरी वाटली. डोळ्यांना झालेला त्रास वाचक टाइपाच्या नावावर टाकत नाही, लेखकाच्या नावावर टाकतो.

देवनागरीत हा मामला आणखी नाजूक. जांभळ्या फोटोवर दहा पॉइंटात रिव्हर्स मजकूर घेतला, रजिस्ट्रेशन केसभर हलले, न्यूजप्रिंटवर शाई पसरली, की पहिला बळी अनुस्वाराचा. मागोमाग रफार आणि उकार. 'मंद'चा 'मद' होतो आणि प्रूफरीडर बिचारा विनाकारण बोलणी खातो. रोमनमध्ये 'आय'वरचा टिंब उडाला तरी शब्द वाचता येतो. आपल्याकडे अर्थच पालटतो. बारीक टाइप बोल्ड केला की 'ष', 'ढ', 'क्ष' यांची पोटे बुजतात, ते निराळेच.

तेव्हा रिव्हर्स हवाच असेल, तर तो एकाच गडद शाईतून काढा, टाइप मोठा आणि मध्यम वजनाचा घ्या. पानाची एक काळी-पांढरी झेरॉक्स काढा. तीत अक्षर आणि पार्श्वभूमी सारखीच करडी दिसली, तर रंग बदला. आणि ग्राहकाची सही ग्लॉसी प्रूफवर घेऊ नका. अंक ज्या कागदावर छापायचा, त्याच कागदावरच्या प्रूफवर घ्या.