चावीआधी पत्ता फुटतो

जानेवारी 2022 मध्ये पुण्याजवळ ताथवड्यातल्या एका हॉटेलातून शेअर ट्रेडिंग करणाऱ्या एका माणसाला उचलून अलिबागला नेलं. मागणी होती 300 कोटींच्या बिटकॉइनची. पोलीस मागावर आहेत हे कळताच त्याला वाकडला सोडून टोळी पसार झाली. पुढे आठ जण पकडले गेले. त्यांचा म्होरक्या म्हणून ज्याला अटक झाली, तो पोलीस शिपाईच निघाला. आधी तो पुण्यात सायबर शाखेत होता, आणि या माणसाकडे बिटकॉइन असल्याची खबर त्याला तिथेच लागली, असं पोलिसांनी सांगितलं.

त्या 300 कोटींपेक्षा मला ही खबर जास्त अस्वस्थ करते. बिटकॉइनची बारा किंवा चोवीस शब्दांची चावी कागदावर लिहून कपाटात जपणारी माणसं मी पाहतो. पण गुंडाला चावी शोधायची गरजच नसते. त्याला फक्त माणूस आणि त्याचं घर माहीत हवं. एकदा पाठवलेले बिटकॉइन बँकेला फोन करून थांबवता येत नाहीत, हे तो जाणून असतो.

फ्रान्सने हे 2025 मध्ये भोगलं. चावी सुरक्षित ठेवणारी उपकरणं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या एका सहसंस्थापकाला जानेवारीत पत्नीसह घरातून पळवलं आणि त्याचं बोट छाटलं. मे महिन्यात पॅरिसमध्ये भरदिवसा, पेमियम या क्रिप्टो कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला आणि नातवाला गाडीत कोंबण्याचा प्रयत्न झाला. मुलीच्या नवऱ्याने मार खाल्ला पण तिला सोडलं नाही, आणि कुणीतरी आग विझवायचा सिलिंडर घेऊन टोळीच्या अंगावर धावून गेला, म्हणून ते वाचले.

याच लेजरच्या सुमारे 2.7 लाख ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर 2020 मध्ये उघड्यावर आले होते. कॉइनबेस या क्रिप्टो एक्स्चेंजच्या ग्राहकसेवेतल्या लोकांना लाच देऊन माहिती काढली गेल्याचं 2025 मध्ये उघड झालं. त्यात घरच्या पत्त्यासोबत खात्यातली शिल्लकही होती.

म्हणून ज्यांच्याकडे मोठी रक्कम आहे त्यांनी एकट्याच्या सहीने ती हलणार नाही अशी सोय करावी. दोन-तीन चाव्या, वेगळ्या गावांत, वेगळ्या माणसांकडे. तरीही दारात उभा असलेला गुंड त्यावर विश्वास ठेवेलच असं नाही. त्यामुळे नफ्याचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, अगदी नातेवाइकांच्याही.

पण सगळा भार ग्राहकावर टाकणं अन्यायाचं आहे. आपल्याकडे क्रिप्टो एक्स्चेंजला पॅन, ओळखपत्र, पत्ता द्यावाच लागतो. तिथे गप्प बसायची मुभा नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्याला 250 कोटींपर्यंत दंड आहे, पण तो जातो सरकारी तिजोरीत. ज्याचा पत्ता फुटला त्याला भरपाई मिळण्याची माहिती तंत्रज्ञान कायद्यातली जुनी तरतूदही याच कायद्याने काढून टाकायला घेतली. ती कायम राहायलाच हवी.