अकरावीच्या गणितात ‘आय’ येतो कुठून? बारामती-इंदापूरच्या नकाशावर समजून घ्या

२०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले आणि बारामती, इंदापूरची कनिष्ठ महाविद्यालयेही त्यात आली. अर्ज भरताना शाखा ठरते. विज्ञान शाखेत गणित झेपणार का, हे मात्र वर्ग सुरू झाल्यावर कळते. तिथे गोंधळात टाकणारा एक धडा म्हणजे संमिश्र संख्या, अर्थात कॉम्प्लेक्स नंबर्स.

अडचण नेमकी कुठे?

दहावीत वर्गसमीकरणाचा विवेचक ऋण आला की ‘मुळे वास्तव नाहीत’ असे लिहून उदाहरण संपते. अकरावीत तिथूनच पुढे जायचे असते. वजा १ च्या वर्गमुळाला ‘आय’ म्हणायचे आणि त्याच्यासह बेरीज-गुणाकार करायचे. त्यात मराठी माध्यमातून आलेल्यांना ‘विवेचक’ आता ‘डिस्क्रिमिनंट’ या नावाने भेटतो. कल्पना नवी आणि शब्दही नवे.

‘आय’ म्हणजे काय?

इंदापूर बारामतीच्या साधारण पूर्वेला आहे. बारामतीला शून्य मानून इंदापूरकडे सरळ रेघ ओढली, तर तिच्यावरचे गाव एका संख्येने सांगता येते. भिगवण मात्र या रेघेच्या उत्तरेला आहे. ते सांगायला दोन संख्या लागतात: किती पूर्वेला, किती उत्तरेला. ‘आय’ ही उत्तरेची खूण. समजा, एखादी वस्ती ३ किलोमीटर पूर्वेला आणि ४ किलोमीटर उत्तरेला आहे. ती झाली ‘३ अधिक ४ आय’. तिचे सरळ अंतर ५ किलोमीटर. हे तर दहावीचेच पायथागोरसचे प्रमेय.

‘आय’ने गुणणे म्हणजे डावीकडे काटकोनात वळणे. दोनदा वळले की तोंड उलट दिशेला होते, म्हणून ‘आय’चा वर्ग वजा १.

गणित सोडले तर?

अभियांत्रिकीसाठीची पीसीएम गटाची एमएचटी-सीईटी गणिताशिवाय देता येत नाही. तिच्यात गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांना असतात आणि सुमारे २० टक्के भार अकरावीवर असतो. संमिश्र संख्या त्या यादीत आहेत. पुढे विद्युत अभियांत्रिकीत एसी प्रवाहाची आकडेमोडही त्यांच्यावरच चालते.

त्यामुळे पहिल्या चाचणीचे गुण पाहून गणित सोडण्याआधी दहावीची वर्गसमीकरणे पुन्हा सोडवावीत आणि मराठी-इंग्रजी संज्ञांची यादी वहीत करावी. अडलेली जागा बऱ्याचदा तिथेच सापडते.